एक-शून्यचा हिशेब: नॉटिंगहॅम फॉरेस्टची युरोपातली कामगिरी

ट्रेंटकाठी

जुलै 2007 मध्ये ट्रेंट ब्रिजवर भारत-इंग्लंड कसोटी होती. झहीरने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले आणि आपण जिंकलो, तीच. मी तेव्हा लेस्टरला शिकत होतो. सामना सुटल्यावर गर्दीबरोबर नदीच्या दिशेने चालत होतो, तर रस्त्यापलीकडे लाल रंगाचं एक स्टेडियम दिसलं. ते सिटी ग्राउंड, नॉटिंगहॅम फॉरेस्ट या फुटबॉल क्लबचं. क्लबच्या दुकानाच्या काचेत जर्सी टांगली होती आणि छातीवरच्या झाडाच्या चिन्हावर दोन तारे होते. आत जाऊन विचारलं, हे तारे कशाचे? काउंटरवरचे आजोबा म्हणाले, युरोपियन कपाचे, एक 1979 चा आणि एक 1980 चा. (युरोपियन कप म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग.)

त्या वेळी हा क्लब इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. युरोपचा माजी विजेता आपल्या देशात तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरल्याची ती पहिलीच वेळ (2005). मी रिअल, मिलान, लिव्हरपूल हीच नावं ऐकत वाढलेलो. त्या रात्री खोलीवर येऊन फॉरेस्टचे जुने निकाल वाचत बसलो, आणि ते वेड आजतागायत गेलेलं नाही.

इथे रिअल-बार्सावर धागे पुष्कळ आहेत. फॉरेस्टवर एकही दिसला नाही, म्हणून हा काढतोय.

त्यांची युरोपातली वही उघडली की एक आकडा सारखा समोर येतो: 1-0. 1979 ची फायनल, माल्मो, 1-0. 1980 ची फायनल, हॅम्बुर्ग, 1-0. कोलोनमधली उपांत्य लढत 1-0. सुपर कपात (युरोपातल्या दोन चषकविजेत्यांची लढत) बार्सिलोनाविरुद्ध घरच्या मैदानावर 1-0. आणि हरले तेही बहुतेक याच आकड्याने. 1980 च्या शरदात सीएसके सोफियाकडून दोन्ही लेग (एक सामना घरी, एक बाहेर) 0-1, आणि दोन वर्षांचं राज्य संपलं. पुढे सुपर कप व्हॅलेन्सियाकडे गेला तो परतीच्या 0-1 मुळे. फेब्रुवारी 1981 मध्ये टोकियोत उरुग्वेच्या नासिओनालकडून इंटरकॉन्टिनेंटल कप (युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधला) गेला, तोही 0-1.

माझं म्हणणं इतकंच की फॉरेस्टची कामगिरी दोन चषकांवरून नाही, या एका गोलाच्या फरकावरून वाचायला हवी. हा श्रीमंत क्लब नव्हता. 1977 मध्ये दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या क्रमांकाने कसाबसा वर आला, 1978 मध्ये लगेच लीग जिंकला, 1979 मध्ये युरोप. लीगचं ते त्यांचं आजवरचं एकमेव विजेतेपद. घरी एक आणि युरोपात दोन, असा दुसरा क्लब नाही.

पेठेतला_नऊ_नंबर

भावा, काळजाला हात घातलास. आम्ही कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर वाढलेली पोरं. एक गोल झाला की पुढचा अर्धा तास पेठच्या पेठ श्वास रोखून बसते. चार-शून्यच्या मॅचमध्ये ती गंमत न्हाई.

एक विचारायचं होतं. तेव्हा गट फेरी नव्हती ना? सरळ बाद फेरी?

ट्रेंटकाठी

सरळ बाद फेरी. पहिल्या फेरीपासून दोन लेग, एक घरी, एक बाहेर. एकूण गोल सारखे झाले तर बाहेर केलेले गोल जास्त ज्याचे, तो पुढे. हा अवे गोलचा नियम युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) 2021 मध्ये काढून टाकला. पण त्या काळात सगळी आखणी त्याच नियमावर चालायची. घरच्या मैदानावर 2-1 पेक्षा 1-0 केव्हाही मोलाचा, कारण 1-0 मध्ये समोरच्याच्या खिशात अवे गोल नसतो. मग परतीच्या सामन्यात तुम्ही एक गोल मारलात की त्याला तीन लागतात.

फॉरेस्टने हा नियम स्वतःच्या अंगावर सोसून शिकला होता. 1967-68 च्या फेअर्स कपात (तेव्हाची युरोपातली आणखी एक स्पर्धा) झुरिखला घरी 2-1 हरवलं, तिकडे 0-1 हरले, एकूण 2-2, आणि अवे गोलवर बाहेर.

व्यवस्थापक ब्रायन क्लफ आणि त्याचा सहायक पीटर टेलर यांनी संघ मागून बांधला. आधी गोलकीपर. सप्टेंबर 1977 मध्ये स्टोककडून पीटर शिल्टन आणला. दुसऱ्या श्रेणीतून नुकत्याच वर आलेल्या संघाने कीपरवर एवढा पैसा का ओतावा, असं लोक विचारत होते. केनी बर्न्स आधी फॉरवर्ड खेळायचा, त्याला सेंटर बॅक केला. शेजारी लॅरी लॉइड. उजवीकडे व्हिव अँडरसन, जो नोव्हेंबर 1978 मध्ये इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. डाव्या विंगवर जॉन रॉबर्टसन: दिसायला जाडसर, पळण्यात संथ, पण चेंडू पायाशी आला की बॅक गोंधळलाच. आणि पुढे गॅरी बर्टल्स, जो लाँग ईटन युनायटेड या हौशी क्लबकडून 2,000 पौंडांत आलेला.

शॉर्टवेव्ह

मी या धाग्यावर बहुधा सगळ्यांत वयस्कर असेन. 1979 मध्ये नागपूरला कॉलेजात होतो. टीव्ही घरात नव्हता. फुटबॉल म्हणजे बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस आणि आमचा मर्फी रेडिओ, तोही वडील झोपल्यावर, आवाज अगदी बारीक करून. खरखर इतकी की "नॉटिंगहॅम" एवढंच कळायचं, पुढचा आकडा वाऱ्यावर जायचा.

सप्टेंबर 1978 ची पहिली फेरी मला पक्की आठवते, कारण सोडत निघाली ती फॉरेस्ट विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूल 1977 आणि 1978 असा लागोपाठ दोनदा युरोपचा विजेता. आमच्या कॉलेजच्या वसतिगृहातला एक केरळी मित्र लिव्हरपूलचा भक्त. त्याने आधीच जाहीर केलं होतं की फॉरेस्टला युरोप म्हणजे चार दिवसांची सहल. दुसऱ्या दिवशी 2-0 ऐकलं तेव्हा मी धावत त्याच्या खोलीवर गेलो. बर्टल्सचा पहिला, आणि शेवटच्या काही मिनिटांत कॉलिन बॅरेटची व्हॉली. बॅरेट बॅक होता हो, स्ट्रायकर नव्हे! मग अॅनफिल्डवर 0-0, आणि विजेते पहिल्याच फेरीत घरी.

तटस्थ_प्रेक्षक

धागा छान आहे, पण थोडं उलट बोलतो. लिव्हरपूलनंतरचा रस्ता बघा. एईके अथेन्स, ग्रासहॉपर्स, मग कोलोन, आणि फायनलला माल्मो. पुढच्या वर्षी स्वीडनचा ओस्टर, रोमानियाचा आर्जेश पितेष्टी. यात मिलान नाही, रिअल नाही. आजच्या चॅम्पियन्स लीगच्या मानाने हा प्रवास सोपाच म्हणावा लागेल.

ट्रेंटकाठी

हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे आणि मला तो मुळीच पटत नाही.

त्या स्पर्धेत फक्त देशाचा लीग विजेता आणि गतविजेता यायचा. मोठं नाव तुमच्या वाट्याला आलं नाही, तर बहुधा ते कुणीतरी आधीच पाडलेलं असायचं. 1978-79 ला रिअल माद्रिद होता. त्याला दुसऱ्या फेरीत कुणी काढलं? याच ग्रासहॉपर्सने. युव्हेंटस होता. त्याला पहिल्या फेरीत ग्लासगोच्या रेंजर्सने काढलं. ग्रासहॉपर्सचा क्लाउडिओ सुल्सर त्या मोसमात स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, 11 गोल. फॉरेस्टने त्या संघाला घरी 4-1 हरवलं आणि झुरिखमध्ये 1-1 केलं.

माल्मोने वाटेत मोनाको, डायनामो कीव्ह, विस्वा क्राकोव्ह आणि ऑस्ट्रिया व्हिएन्ना यांना बाहेर काढलं होतं. एईकेच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून साक्षात पुश्काश, हंगेरीचा महान खेळाडू, बसला होता. तिकडे जाऊन 2-1, घरी 5-1. कोलोन जर्मनीत लीग आणि कप दोन्ही जिंकून आलेला. हॅम्बुर्गने 1980 च्या उपांत्य फेरीत रिअलला परतीच्या लेगमध्ये 5-1 असं फोडलं होतं. फायनल माद्रिदला, बर्नाबेऊवर होती, म्हणजे रिअल आपल्याच घरी फायनल खेळायच्या बेतात होता. हॅम्बुर्गकडे केव्हिन कीगन, युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून 1978 आणि 1979 मध्ये निवडला गेलेला. त्या संघाला फॉरेस्टने 90 मिनिटं गोल करू दिला नाही.

दोन मोसमांचे 18 सामने मी वहीत उतरवून ठेवलेत. 12 विजय, 4 बरोबरी, 2 पराभव. पहिल्या वर्षी एकही पराभव नाही. दुसऱ्या वर्षीचे दोन्ही पराभव, डायनामो बर्लिन आणि आयाक्स, दोन्ही 0-1, आणि दोन्ही वेळा पुढे गेले ते फॉरेस्टच.

बर्लिनचं तर खास सांगायला हवं. घरच्या लेगमध्ये 0-1 हरलेले. मग शनिवारी वेम्ब्लीवर लीग कपची फायनल वुल्व्हजकडून गमावली. चारच दिवसांनी मार्चच्या थंडीत पूर्व बर्लिन. ट्रेव्हर फ्रान्सिसने दोन, रॉबर्टसनने पेनल्टीवर एक, अर्ध्या वेळेच्या आत सामना खिशात. 3-1. याला सोपा रस्ता म्हणू नका, विनंती आहे.

मडगावकर

माल्मोचं नाव निघालं म्हणून लिहितो. त्या 1979 च्या फायनलमध्ये माल्मोचा प्रशिक्षक कोण होता ठाऊक आहे? बॉब हॉटन. आपला बॉब हॉटन! 2006 ते 2011 भारताचा प्रशिक्षक. 2007 आणि 2009 चा नेहरू कप, 2008 चा एएफसी चॅलेंज कप, आणि 2011 मध्ये कतारला आशियाई कपात भारत, तोही 27 वर्षांनी.

म्युनिकच्या त्या फायनलच्या रात्री तो जेमतेम 31 वर्षांचा होता. इंग्लिश माणूस, स्वीडिश संघ, आणि समोर इंग्लिश क्लब. इथे गोव्यात फातोर्ड्याला भारताचं सराव शिबिर असायचं तेव्हा आम्ही कुंपणाबाहेरून बघायचो. चार बचावपटूंना दोरीने बांधल्यासारखं एका ओळीत पुढे-मागे हलवत राहायचा, तासन् तास. माल्मोलाही त्याने तेच शिकवलेलं. म्हणून ती फायनल इतकी आवळलेली झाली. लोक तिला रटाळ म्हणतात. मला तसं वाटत नाही. दोन्ही संघ एकमेकांना जागाच देत नव्हते.

पेठेतला_नऊ_नंबर

आयला, हॉटनचं हे मला म्हाईत नव्हतं! आणि गोल कसा झाला?

ट्रेंटकाठी

@मडगावकर, जर्मनीपासून फातोर्ड्यापर्यंत धागा जुळला, आभार.

गोल मध्यंतराच्या तोंडावर. रॉबर्टसन डाव्या बाजूला चेंडू घेऊन उभा, समोर दोन माल्मोवाले. तो पळत नाही. थांबतो, खांदा किंचित आत झुकवतो, आणि दोघांच्या बाहेरून निघून लांबच्या खांबाकडे क्रॉस टाकतो. तिकडून ट्रेव्हर फ्रान्सिस धावत येतो, अंग झोकून देतो आणि डोकं लावतो. फेब्रुवारीत बर्मिंगहॅमहून दहा लाख पौंडांना आणलेला हा खेळाडू, ब्रिटनमधला तेवढ्या किमतीचा पहिला. नोंदणीच्या नियमामुळे त्याला फायनलपर्यंत युरोपात खेळताच येत नव्हतं. म्हणजे युरोपातला त्याचा पहिला सामना हाच.

दुसऱ्या वर्षीच्या फायनलला, हॅम्बुर्गविरुद्ध, फ्रान्सिस घोट्यामागच्या शिरेच्या दुखापतीने बाहेर. बर्टल्स एकटा पुढे. 20 व्या मिनिटाच्या आसपास रॉबर्टसनने त्याच्याशी वन-टू खेळला (चेंडू देऊन लगेच परत घेतला) आणि बॉक्सच्या कडेवरून उजव्या पायाने खांबाला लागून आत. त्यानंतर सत्तर मिनिटं नुसता बचाव. बर्टल्सचे पाय शेवटी उचलत नव्हते, तरी तो एकटा जर्मन बॅकवर धावून जात होता. ते फुटेज बघाच.

ब्रसेल्सवासी

मी आठ वर्षं ब्रसेल्समध्ये राहते, आंदरलेख्तच्या स्टेडियमपासून ट्रामने वीस मिनिटांवर. फॉरेस्टच्या वहीतलं सर्वांत दुखरं पान इथलं आहे आणि ते अजून कुणी उघडलेलं नाही.

1983-84 चा युएफा कप, म्हणजे युरोपियन कपाखालची स्पर्धा. क्लफने नवा, तरुण संघ उभा केला होता. पीएसव्हीला दोन्ही लेगमध्ये हरवलं. सेल्टिकविरुद्ध घरी 0-0 झाल्यावर ग्लासगोत जाऊन 2-1. मग ऑस्ट्रियाचा स्टुर्म ग्राझ. उपांत्य फेरीत आंदरलेख्तविरुद्ध घरी 2-0, दोन्ही गोल स्टीव्ह हॉजचे, शेवटच्या काही मिनिटांत.

25 एप्रिल 1984 ला परतीची लेग. आंदरलेख्तच्या एन्झो शिफोचा पहिला गोल स्वच्छ होता. दुसरा पेनल्टीवर, त्यांचा ब्रिल पडला म्हणून. मी ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलं आहे. फॉरेस्टचा केनी स्वेन त्याच्यापासून चांगला हातभर दूर आहे. मग तिसरा. शेवटच्या क्षणी कॉर्नरवर पॉल हार्टचं हेडर जाळ्यात गेलं. तो गोल धरला असता तर एकूण 3-3 आणि अवे गोलवर फॉरेस्ट फायनलला. पंच गुरुसेता मुरो यांनी तो नाकारला. कशासाठी, ते आजही पाहून कळत नाही.

1997 मध्ये आंदरलेख्त क्लबने कबूल केलं की तेव्हाचे अध्यक्ष कॉन्स्टंट व्हँडन स्टॉक यांनी त्या पंचांना दहा लाख बेल्जियन फ्रँक दिले होते. म्हणणं असं की ते कर्ज होतं. पंच 1987 मध्येच मोटार अपघातात गेलेले, त्यामुळे त्यांना विचारायची सोय उरली नव्हती. युएफाने आंदरलेख्तवर एक वर्षाची बंदी घातली, ती लोझानच्या क्रीडा लवादाने रद्द ठरवली. निकाल तसाच राहिला.

मी या शहरावर प्रेम करते. पण त्या मैदानाजवळून जाताना हार्टचं ते हेडर दरवेळी डोळ्यांसमोर येतं.

शॉर्टवेव्ह

ताई, वाचून अंगावर काटा आला. बातमी 1997 मध्ये वाचली होती, पण तपशील इतका माहीत नव्हता. ज्या संघाचं सगळं गणित एका गोलावर चालतं, त्याचा एक गोल असा काढून घेणं म्हणजे सर्वस्वच काढून घेणं.

तटस्थ_प्रेक्षक

@ट्रेंटकाठी, रिअल आणि युव्हेंटसचं मला माहीत नव्हतं. "सोपा रस्ता" हे शब्द मागे घेतो.

आणखी एक शंका. 1984 नंतर फॉरेस्ट युरोपात दिसतच नाही ते का? क्लफ तर 1993 पर्यंत होता.

ट्रेंटकाठी

1984-85 ला पहिल्याच फेरीत क्लब ब्रुग्गेकडून 0-0 आणि 0-1. पुन्हा तोच आकडा. मग मे 1985 मध्ये हेसेलची दुर्घटना, 39 माणसं गेली, आणि सगळ्या इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. ती 1990 पर्यंत. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दुःखापुढे फुटबॉलचं नुकसान बोलायचं नसतं, म्हणून नुसतं नोंदवतो: फॉरेस्ट 1988 आणि 1989 दोन्ही वर्षी लीगमध्ये तिसरा होता, आणि 1989 व 1990 चा लीग कपही त्यांचाच. स्टुअर्ट पिअर्स, डेस वॉकर, नायजेल क्लफ यांचा तो संघ युरोपात एकदाही खेळला नाही.

1995-96 ला परत आले, व्यवस्थापक फ्रँक क्लार्क. आणि पहिल्या फेरीत समोर कोण? माल्मो. तिकडे 1-2, घरी 1-0, अवे गोलवर पुढे. ओझेरमध्ये 1-0, मग घरी 0-0. लियाँविरुद्ध घरी 1-0, तिकडे 0-0. क्लफने क्लब सोडून दोन वर्षं झाली होती, पण वही तीच आणि अक्षरही तेच. उपउपांत्य फेरीला युरोपात उरलेला एकमेव इंग्लिश क्लब फॉरेस्ट होता. तिथे बायर्न म्युनिक. म्युनिकमध्ये 1-2, आशा होती. घरी 1-5, क्लिन्समनचे दोन.

या क्लार्कबद्दल थोडं. 1975 मध्ये न्यूकॅसलने त्याला फुकटात सोडलं, क्लफने उचललं. 1979 च्या फायनलला तो लेफ्ट बॅक होता, आणि खेळाडू म्हणून तो त्याचा शेवटचा सामना. 17 वर्षांनी बायर्नविरुद्धचा पहिला लेग खेळायला तो व्यवस्थापक म्हणून गेला ते म्युनिकच्या त्याच ऑलिंपिक मैदानावर.

पेठेतला_नऊ_नंबर

आणि आता? परत आलेत नव्हं?

ट्रेंटकाठी

आले. 2022 मध्ये प्लेऑफ फायनलला हडर्सफील्डला हरवून प्रीमियर लीगमध्ये, (स्कोअर विचारू नका, 1-0 च होता!), 2024-25 ला सातवा क्रमांक, आणि क्रिस्टल पॅलेसला मालकीच्या नियमामुळे (एका मालकाचे दोन क्लब एकाच स्पर्धेत नकोत) खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये पाठवल्यावर फॉरेस्टला युरोपा लीगची जागा. 29 वर्षांनी युरोप. सेव्हिलमध्ये बेटिसशी 2-2, घरी मित्युलँडकडून 2-3. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सिटी ग्राउंडवर पुन्हा माल्मो. मी गेलो होतो. थंडी कडक, ट्रेंटवर धुकं. 3-0 जिंकले. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी वडिलांचा 1979 चा विणलेला लाल-पांढरा मफलर आणला होता. सामनाभर तो त्यांनी गळ्यात घातला नाही, मांडीवर घडी करून ठेवला होता.

शॉर्टवेव्ह

एक मागणं आहे. कोलोनच्या परतीच्या लेगचा गोल मी कधी पाहिलेला नाही. त्या रात्री रेडिओवर फक्त "बोयर" ऐकू आलं आणि पुढे खरखर. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून व्हिडिओ नीट दिसत नाहीत. कुणी लिहाल का?

ट्रेंटकाठी

काका, लिहितो.

आधी घरच्या लेगचं. कोलोनने वीस मिनिटांत 2-0 केलं होतं. चिखलाचं मैदान. बर्टल्सने एक काढला, बोयरने बरोबरी केली, आणि रॉबर्टसनने चक्क डोक्याने तिसरा मारला. त्याचा भाऊ थोडेच दिवस आधी अपघातात गेला होता. शेवटी कोलोनचा जपानी बदली खेळाडू ओकुदेरा आला आणि 3-3. तीन अवे गोल खाल्लेले. सगळ्यांनी धरलं की फॉरेस्ट संपला, कारण आता तिकडे जिंकण्यावाचून जवळपास गत्यंतर नव्हतं.

25 एप्रिल 1979. मध्यंतराला 0-0. दुसऱ्या डावात वीस मिनिटं होऊन गेलीत. फॉरेस्टला कॉर्नर मिळतो. रॉबर्टसन चेंडू ठेवतो, घाई नाही. चेंडू उंच न जाता जवळच्या खांबाकडे येतो. तिथे बर्टल्स उडी मारून डोक्याच्या मागच्या बाजूने नुसता स्पर्श करतो, चेंडू गोलतोंडावरून पुढे सरकतो. कोलोनचे बॅक बर्टल्सकडे वळलेले. त्यांच्या पाठीमागून इयन बोयर खाली वाकून येतो, चेंडू त्याच्या कमरेच्या उंचीवर आहे, पाय घालावा की डोकं असा क्षण. तो डोकं घालतो. कीपर शूमाखर हलेपर्यंत चेंडू आत.

बोयर दोन्ही हात वर करून पळतो. 1-0. त्यानंतर पंचवीस मिनिटं शिल्टन.

शॉर्टवेव्ह

दिसलं.